दोन ‘कऱ्हाड’ सारखे दिसतात, तरी जुळत नाहीत: पायथनमधील मराठी स्ट्रिंगच्या तुलनेचे समस्या निवारण

समस्या अशी आहे. पायथनमध्ये लिहिलेला एक साधा प्रोग्राम दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहतो. एका यादीत वाचनालयाच्या सभासदांची नावे आणि गावे आहेत, तर दुसरीत प्रत्येक गावाचा तालुका आणि जिल्हा. ‘कऱ्हाड’ दोन्ही याद्यांत आहे आणि पडद्यावर दोन्ही ठिकाणी अगदी सारखे दिसते, तरीही तुलनेचे उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे ‘जुळत नाही’, असे येते आणि त्या सभासदाच्या पुढे जिल्ह्याचा रकाना रिकामा राहतो. काही वाचनालयांच्या याद्या मी दरमहा एकत्र करतो. त्या कामात ही तक्रार इतक्या वेळा आली, की अखेर हाताने दुरुस्ती करणे थांबवून मुळाशी जावे लागले. एका ‘कऱ्हाड’वर दुसरा ‘कऱ्हाड’ आणून चिकटवला की त्या महिन्यापुरते काम भागत असे. पुढच्या महिन्यात त्याच शाखेतून, त्याच संगणकावरून, तीच ओळ पुन्हा न जुळणारी येत असे.

ज्यांचा गोंधळ पडद्यावर उघड दिसतो, म्हणजे मजकूर रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कडबोळ्यासारखा येतो, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो मजकूर युनिकोड, म्हणजे लिप्यांतील चिन्हांना ठरावीक आकडे देणारे मानक, येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधला असतो आणि आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. येथे ज्या अडचणीचा विचार केला आहे, तिच्यात मजकूर युनिकोडच आहे, वाचायलाही बरोबर आहे, आणि म्हणूनच दोष कोठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

पहिली तपासणी

पायथन ३ मधील स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही अक्षरांची माळ नसून कोड पॉइंटची, म्हणजे युनिकोडने चिन्हांना दिलेल्या आकड्यांची, माळ असते. देवनागरीला युनिकोडमध्ये ०९०० पासून ०९७एफ पर्यंत (हे आकडे सोळाच्या पायावर लिहितात) १२८ जागा दिलेल्या आहेत. व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह या प्रत्येकाची तेथे स्वतंत्र जागा आहे. समान-चिन्हाची तुलना हे आकडे ओळीने ताडून पाहते. त्यांतून पडद्यावर कोणती आकृती उमटते, याच्याशी तिचा संबंध नसतो.

म्हणून फॉन्ट बदलून पाहण्यात किंवा पडदा मोठा करण्यात वेळ घालवू नये. दोन्ही स्ट्रिंग पायथनच्या ‘अस्की’ या फंक्शनमधून छापून पाहाव्यात. हे फंक्शन प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी त्याचा कोड पॉइंट दाखवते. ‘रेप्र’ हे फंक्शन अनेकांच्या सवयीचे असते, परंतु ते फक्त अदृश्य चिन्हांचे आकडे दाखवते आणि देवनागरी चिन्हे तशीच छापते, त्यामुळे त्यावर विसंबून अर्धाच दोष सापडतो.

आमच्या याद्यांतले तीन ‘कऱ्हाड’ असे छापून पाहिले, तेव्हा पुढील चित्र दिसले. पहिल्यात सहा कोड पॉइंट होते: क (०९१५), ऱ (०९३१), पाय मोडण्याचे चिन्ह (०९४डी), ह (०९३९), काना (०९३ई) आणि ड (०९२१). दुसऱ्यात सात होते, कारण तेथे ऱ ऐवजी साधा र (०९३०), मग पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर २००डी हे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह होते. तिसऱ्यातही सातच होते. मात्र तेथे जॉइनर नव्हता, तर साधा र आणि त्याच्या लगेच नंतर नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब (०९३सी), होता. दुसरा आणि तिसरा यांची ‘लेन’ने मोजलेली लांबी सारखी, दिसणे सारखे, आणि तरीही ते वेगळे. लांबी जुळली म्हणजे स्ट्रिंग जुळली असे गृहीत धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हे तीन प्रकार आले कोठून

ऱ्ह आणि ऱ्य यांतला अर्धा र ही मराठीची गरज आहे आणि युनिकोडने ती दोन मार्गांनी भागवली आहे. ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडणे हा सध्याचा शिफारस केलेला मार्ग आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्टसह इंग्रजी ‘जे’ (J) ही कळ दाबली की ऱ येतो आणि पहिला प्रकार तयार होतो. साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जॉइनर हा दुसरा मार्ग १९९६ साली आलेल्या युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून मान्य ठेवलेला आहे, आणि काही कळफलक व रूपांतर करणारी साधने आजही तोच वापरतात. टंकलेखन करणाऱ्याने चूक केलेली नसते. त्याने ‘कऱ्हाड’ हेच टंकले आणि त्याला ‘कऱ्हाड’ हेच दिसले. शाखांना ‘नीट टंका’ अशी पत्रे धाडून हा प्रश्न सुटत नाही, याचे कारण हेच आहे.

तिसरा प्रकार विघटनातून येतो. ऱ या अक्षराचे र आणि नुक्ता असे विघटन युनिकोडमध्येच नोंदलेले आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली फाइलींची नावे विघटित रूपात साठवत असे, त्यामुळे तशा डिस्कवरील फाइलीच्या नावावरून गावाचे नाव उचलले, तर हे रूप हाती येते.

नॉर्मलायझेशनने काय सुटते आणि काय सुटत नाही

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइज’ वापरा आणि एनएफसी हे रूप निवडा. नॉर्मलायझेशन म्हणजे युनिकोडने समतुल्य मानलेली लेखने एकाच ठरावीक रूपात आणणे, आणि एनएफसी हे त्यांतले एक रूप. सल्ला योग्य आहे, परंतु मराठीसाठी अपुरा आहे. एनएफसी र आणि नुक्ता यांना जोडून ऱ करते, त्यामुळे तिसरा ‘कऱ्हाड’ पहिल्याशी जुळतो. कोणी नुक्ता पाय मोडण्याच्या चिन्हानंतर टंकला असेल, तरी एनएफसी त्या दोघांचा क्रम लावून मगच जोडते. जॉइनर असलेला दुसरा ‘कऱ्हाड’ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो पहिल्याचा समतुल्य नाही. एनएफसीऐवजी एनएफकेसी हे अधिक सैल रूप वापरले तरी जॉइनर जात नाही.

एनएफसीमुळे स्ट्रिंग नेहमी आखूड होते, हाही समज सोडावा. ०९५८ ते ०९५एफ ही नुक्तायुक्त अक्षरे एनएफसीमध्ये जोडली जात नाहीत, उलट सुटी होतात. ‘छत्तीसगढ़’ या नावातील शेवटचे अक्षर एका कोड पॉइंटने लिहिले असेल, तर एनएफसीनंतर स्ट्रिंगची लांबी एकने वाढते. ज्यांच्या सूचीत हिंदी पुस्तकेही आहेत, त्यांना याचा अनुभव लवकर येईल.

याहून मोठी अडचण इंग्रजीतून आलेल्या शब्दांची आहे, आणि मराठीत असे शब्द रोजच्या वापरात असल्याने ती पावलोपावली भेटते. ‘बँक’ हा शब्द ब, चंद्रबिंदू (०९०१) आणि क अशा तीन कोड पॉइंटने लिहिला जातो. तोच शब्द ब, चंद्र (०९४५), अनुस्वार (०९०२) आणि क अशा चार कोड पॉइंटनेही लिहिला जातो, आणि बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपे सारखीच दिसतात. ‘काँग्रेस’ या शब्दात काना आणि चंद्रबिंदू असू शकतो किंवा ऑकाराची मात्रा (०९४९) आणि अनुस्वार असू शकतो. दोन्ही रूपांची लांबी आठच भरते. ‘ॲप’ मधील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या जागी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आहे, आणि तशी सवय आजही टिकून आहे. यांपैकी कोणतीही जोडी नॉर्मलायझेशन जुळवत नाही. ती जोडणी आपल्यालाच करावी लागते.

उपाय करण्यापूर्वी टाळायच्या दोन चुका

पहिली चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. जॉइनर हे अदृश्य चिन्ह आहे असे कळले, की ते ‘रिप्लेस’ने काढून टाकावे असे कोणालाही वाटते, कारण ‘स्ट्रिप’ त्याला हात लावत नाही. ‘स्ट्रिप’ फक्त मोकळ्या जागा काढते आणि जॉइनरची गणना मोकळ्या जागेत होत नाही. मी सर्व जॉइनर एका ओळीत काढून टाकले आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र यांत जेवढे अंतर आहे, तेवढे एका अदृश्य चिन्हावर अवलंबून होते. ‘आचाऱ्यास’ लिहिले असता त्याचे ‘आचार्यास’ झाले, म्हणजे स्वयंपाक्याचा निरोप गुरूंकडे गेला. जॉइनर निरुपयोगी नाही. र आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांच्यानंतर तो असेल, तर तो अर्थ वाहून नेत असतो. म्हणून आधी त्या तीन चिन्हांच्या गटाच्या जागी ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह ठेवावे, आणि मगच उरलेले जॉइनर काढावेत. हा क्रम उलटा केला, तर हरवलेला भेद परत मिळवण्याचा कोणताही मार्ग राहत नाही.

दुसरी चूक विरामचिन्हे काढताना होते. स्वल्पविराम, कंस इत्यादी काढण्यासाठी मजकुरात पॅटर्न शोधणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये ‘शब्दचिन्ह किंवा मोकळी जागा नसलेले सर्व काढून टाक’ असा पॅटर्न वापरण्याची पद्धत आहे. पायथनच्या ‘आरई’मध्ये शब्दचिन्हाची व्याख्या अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढीच आहे, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह तिच्यात बसत नाहीत. परिणाम असा, की ‘मराठी’चे ‘मरठ’ होते. त्याहून वाईट म्हणजे ‘काका’, ‘काकी’ आणि ‘केक’ हे तिन्ही शब्द ‘कक’ होऊन एकमेकांशी जुळू लागतात. न जुळणाऱ्या ओळी निदान रिकाम्या रकान्यातून दिसून येतात. अशा खोट्या जुळणीने मात्र दोन वेगळ्या सभासदांची खाती एक होतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. विरामचिन्हे काढायचीच असतील, तर ‘युनिकोडडेटा’मधील ‘कॅटेगरी’ हे फंक्शन प्रत्येक चिन्हाला लावावे आणि ज्याचा वर्ग पी किंवा एस या अक्षराने सुरू होतो तेवढेच काढावे. एम या अक्षराने सुरू होणारा वर्ग मात्रांचा आहे. त्याला धक्का लागता कामा नये.

तुलनेची किल्ली

मूळ मजकूर बदलू नये, त्याच्यापासून तुलनेपुरती एक वेगळी स्ट्रिंग, म्हणजेच किल्ली, तयार करावी आणि तुलना, शोध, पायथनच्या ‘डिक्शनरी’तील नोंदी आणि पुनरावृत्तीची तपासणी केवळ तिच्यावर करावी, असे माझे ठाम मत आहे. सभासदाने आपले नाव जसे लिहून दिले, तसेच ते ओळखपत्रावर छापले गेले पाहिजे. शिवाय ‘वाङ्‌मय’ या शब्दात ङ आणि म यांची भलतीच जोडणी टाळण्यासाठी अनेकजण झिरो विड्थ नॉन-जॉइनर (२००सी) मुद्दाम घालतात; तो किल्लीतून काढणे योग्य आहे, छापील मजकुरातून काढणे योग्य नाही.

किल्ली तयार करणारे फंक्शन पुढील क्रमाने काम करते. प्रथम एनएफसी लावावे. त्यानंतर ०९३०, ०९४डी, २००डी या गटाच्या जागी ०९३१, ०९४डी ठेवावे. त्यानंतर २००सी, २००डी, शून्य रुंदीची जागा २००बी आणि फाइलीच्या आरंभी येणारे एफईएफएफ हे चिन्ह काढावे. मग स्वरांकडे वळावे: अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ, आ आणि चंद्र यांच्या जागी ऑ, तसेच अ आणि ऑकाराची मात्रा यांच्या जागीही ऑ. ऍ (०९०डी) हे हिंदी कळफलकावरून येणारे अक्षर दिसायलाही वेगळे आहे, पण मराठी याद्यांत त्याचा उच्चार ॲ असाच अभिप्रेत असतो, म्हणून आम्ही त्यालाही ॲ करतो. हे झाल्यावर अनुस्वार पाहावा: चंद्र आणि अनुस्वार यांचा चंद्रबिंदू, ऑकाराची मात्रा आणि अनुस्वार यांचा काना व चंद्रबिंदू, ॲ आणि अनुस्वार यांचा अ व चंद्रबिंदू, ऑ आणि अनुस्वार यांचा आ व चंद्रबिंदू करावा. शेवटी शब्दांमधल्या सर्व प्रकारच्या मोकळ्या जागा एका साध्या जागेत आणाव्यात. त्यासाठी काही न देता ‘स्प्लिट’ करून पुन्हा ‘जॉइन’ करणे पुरते, आणि वेब पानांवरून उचललेल्या मजकुरातील न तुटणारी जागाही त्यात निघून जाते. सर्वांत अखेरीस एनएफसी पुन्हा एकदा लावावे, कारण मधली अदृश्य चिन्हे गेल्याने र आणि नुक्ता नव्याने शेजारी आलेले असू शकतात.

अंकांबाबत एक सूचना. ‘१२’ ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग पायथनच्या ‘इंट’ला देता येते आणि बारा ही संख्या मिळते, पण स्ट्रिंग म्हणून ती इंग्रजी अंकांतील बाराशी (12) जुळत नाही. पिनकोड आणि सभासद क्रमांक यांत ही विसंगती हमखास आढळते, म्हणून किल्लीत सर्व अंक एकाच लिपीत आणावेत.

दोन गोष्टी मी किल्लीत मुद्दाम घेतलेल्या नाहीत. ‘दुःख’, ‘निःशुल्क’ अशा शब्दांत विसर्गाऐवजी (०९०३) अपूर्णविराम टंकण्याची सवय फार पसरलेली आहे, परंतु सरसकट बदल केला तर ‘१०:३०’ ही वेळ आणि ‘नाव:’ यासारखी शीर्षकेही बिघडतात. त्याकरिता ठरावीक शब्दांची यादीच हवी. दुसरी गोष्ट ‘कराड’ची. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही एकाच शहराची दोन खरीखुरी लेखने आहेत. तो कोड पॉइंटचा दोष नाही, भाषेतला वापर आहे, आणि त्याची जागा पर्यायी नावांच्या तक्त्यात आहे. ही दोन्ही जुळवण्यासाठी किल्ली सैल करू लागलो, तर ऱ्ह आणि र यांतला भेदच पुसला जाईल आणि त्याची किंमत इतर शब्दांना मोजावी लागेल.

डेटाबेस वेगळे उत्तर देतो तेव्हा

काहींना असा अनुभव येतो, की पायथन दोन नावे वेगळी मानतो, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमधील शोधात ती जुळतात. येथे दोघांपैकी कोणीच बिघडलेले नाही. मायएसक्यूएलच्या युनिकोड कोलेशनमध्ये, म्हणजे तुलनेच्या आणि क्रमाच्या नियमांत, तुलना चिन्हांना दिलेल्या वजनांवर होते आणि जॉइनरला वजन नसते. त्याचाच दुसरा अर्थ असा, की जॉइनर घालून लिहिलेला ‘दऱ्या’ आणि साधा ‘दर्या’ तेथे एकच ठरतात. म्हणून किल्लीसाठी वेगळा रकाना करावा, त्याचे कोलेशन बायनरी, म्हणजे थेट आकडे ताडणारे, ठेवावे आणि जुळणीचा निर्णय कोलेशनवर न सोडता किल्लीवर सोडावा. जुन्या नोंदींवर किल्ली एकदा चालवून मगच त्या रकान्याला युनिक इंडेक्स, म्हणजे एकच किल्ली दोनदा येऊ न देणारी सूची, लावावा. त्या वेळी ज्या ओळी एकमेकींवर आदळतात, त्या आपोआप एकत्र न करता माणसाने पाहाव्यात. एकाच गावात एकाच नावाचे दोन सभासद असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून साठवलेली सीएसव्ही फाइल उघडताना पहिल्याच रकान्याचे शीर्षक सापडत नसेल, तर शीर्षकाच्या आरंभी चिकटलेले एफईएफएफ हे त्याचे कारण असते. फाइल उघडताना एन्कोडिंगचे नाव ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्यावे, म्हणजे ते वाचतानाच गळून पडते.

किल्लीची चाचणी

किल्लीच्या फंक्शनसोबत चाचणीच्या दोन याद्या ठेवाव्यात. पहिल्या यादीत जुळल्याच पाहिजेत अशा जोड्या असाव्यात: ‘कऱ्हाड’ची तिन्ही रूपे, ‘बँक’ची दोन, ‘काँग्रेस’ची दोन, ‘ॲप’ची दोन, नॉन-जॉइनरसह आणि त्याविना ‘वाङ्‌मय’. या ओळी संपादकात थेट टंकू नयेत, कोड पॉइंटच्या आकड्यांनी लिहाव्यात, कारण काही संपादक आणि कॉपी-पेस्टची साधने मजकूर परस्पर बदलतात आणि मग चाचणी एकाच रूपाची स्वतःशी तुलना करत राहते. दुसऱ्या यादीत कधीही जुळता कामा नयेत अशा जोड्या असाव्यात: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’, ‘काका’ आणि ‘काकी’. यांपैकी ‘दऱ्या’ जॉइनर घालून लिहिलेला असावा, म्हणजे कोणी पुढे फंक्शनमधील ओळींचा क्रम बदलला तर चाचणी तेथेच अडेल. याशिवाय प्रत्येक नोंदीच्या किल्लीची पुन्हा किल्ली काढून ती पहिल्यासारखीच येते का, हेही पाहावे. वेगळी आली, तर बदलांच्या क्रमात कोठेतरी एक पायरी दुसरीसाठी नवे काम तयार करत आहे असे समजावे.